पावणेतीन व्होल्ट

केमियार्वीत जानेवारीमध्ये
माझ्या खिडकीला ऊन मिळतं पन्नास मिनिटं,
तेही तिरपं, समोरच्या स्प्रूसना विचारून आलेलं.

फळीवर तो उभा असतो :
पाठीवर जुन्या कॅलक्युलेटरचा सौर सेल,
पोटात सत्तेचाळीसशे मायक्रोफॅरडचा कपॅसिटर,
पेजरची मोटर, तिचा तिरका दांडा हाच पाय,
आणि तारेच्या दोन मिशा, निव्वळ शोभेच्या.
बॅटरी नाही. बटण नाही.
शेजारचा एलिस, वय वर्षं नऊ, त्याला कोंबडा म्हणतो.
मी काहीच म्हणत नाही.
चालेपर्यंत नाव ठेवायचं नाही
आणि नावंही ठेवायची नाहीत.

रीत साधी आहे.
सेलने थेंब थेंब द्यायचं, कपॅसिटरने धरून ठेवायचं,
मोटरने मध्येच हात पुढे करायचा नाही.
उंबरठा पावणेतीन व्होल्टला.
तिथवर पाणी चढलं की ट्रिगरने दार सताड उघडायचं,
सगळं एकदम मोटरला.
एक उडी, तांदळाच्या दाण्याएवढी.
दार बंद.
पुन्हा थेंब.

थेंबे थेंबे तळे साचे, कबूल,
पण राखणदारच तहानलेला असेल तर?
मीटर लावला.
सेल देतो चाळीस मायक्रोअँपिअर,
ट्रिगर नुसता पहारा करता करता पितो अडतीस.
उरले दोन.
दोनाने उंबरठा गाठायला लागतो तास
आणि ऊन तर पन्नास मिनिटं.
म्हणजे रोज दहा मिनिटांनी हुकायचं,
रात्री साठलेलंही गळून जायचं,
सकाळी पुन्हा पहिल्या थेंबापासून.

एलिस म्हणाला, टॉर्च मारू?
मी म्हटलं, ही लबाडी आहे.
मग म्हटलं, मार.
त्याने उडी मारली.
आम्हां दोघांनाही आनंद झाला नाही.

एकतीस वर्षं मी रोवानिएमीत
लोकांची श्रवणयंत्रं दुरुस्त केली.
कमी करंटची माझी हयात गेली.
घरी आर्ने, संध्याकाळच्या बातम्या संपल्या
की कानातलं यंत्र बंद करायचा :
सेल वाचतो, म्हणायचा.
मी बोलायचे, तो हसायचा, चुकीच्या जागी.
परवा चिमटा शोधताना त्याच्या खणात
सेलची आठ पाकिटं सापडली, सील न फोडलेली.
कुठल्या दिवसासाठी, कुठल्या वाक्यासाठी,
हे विचारायचं राहून गेलं.
चिमटा मात्र दुसऱ्याच खणात होता.

नवा ट्रिगर आला, तीन पायांचा,
मोहरीपेक्षा थोडा मोठा.
पिणार एकच मायक्रोअँपिअर.
भिंग डोळ्याला, कोपर टेबलाला टेकवून
मी श्वास धरून तीन टाके घातले.
तिसरा वाईट झाला. काढला, पुन्हा घातला.
माझा हातही आता थोडा गळतो.

हिशेब सांगत होता : दर तीन मिनिटांना एक उडी.
ऊन आलं अकरा चाळीसला.
मी समोर बसले. एक मिनिट. दोन.
बाहेर उणे अठ्ठावीस,
बर्फावर एक रेनडियर, मान खाली.
तेवढ्यात कॉफी उतू गेली आणि मी उठले.

परत आले तर तो जसाच्या तसा,
तोच कोन, त्याच मिशा.
पायाशी मात्र पेन्सिलची रेघ होती,
मीच सकाळी ओढलेली,
आणि ती आता त्याच्या मागे होती.

पहिली उडी कुणीच पाहिली नाही.
मी पेन्सिल घेतली, नवी रेघ ओढली,
फळीची कड अजून हातभर लांब आहे.
मग भिंतीवर, कॉफीच्या हाताने,
दोन वेळा ठोठावलं. पलीकडे एलिस राहतो.
तो मोजे न घालताच आला.